जाळीपलीकडचा सोबती : ब्यॉर्न बोर्ग आणि त्याचे प्रतिस्पर्धी

बाजारपेठेत ज्यांचे बालपण गेले, त्यांना समोरच्या दुकानाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. समोरच्याने सकाळी आठला दुकान उघडले, की आपल्याकडचे कुलूप साडेसातला निघू लागते. त्याने नवा माल आणला, की आपल्या गादीवरची लगबग वाढते. वडीलधारी मंडळी त्याच्याविषयी घरात चार कडू शब्द बोलतात. परंतु त्याच्या घरी वाईट प्रसंग ओढवला, तर सर्वांआधी तीच त्याच्या दारात उभी असतात. बँकेच्या सेवेत असताना पेठेतल्या शाखांमधून हे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे. समोरासमोरच्या दोन दुकानांपैकी एक बंद झाले, तर दुसऱ्याची उलाढाल काही काळ वाढते खरी; पण पुढे त्या मालकाच्या बोलण्यातला जोम कमी झालेला जाणवतो. कोणाशी बरोबरी करायची, हेच त्याला उमजेनासे होते.

हे नाते व्यापाराबाहेर जर कोठे स्पष्ट दिसत असेल, तर ते टेनिसच्या मैदानावर. तेथे सहकारी नसतात. एकट्याने खेळायचे आणि समोर एकच माणूस. स्वीडनचा ब्यॉर्न बोर्ग आणि अमेरिकेचा जॉन मॅकेन्रो यांच्या स्पर्धेची कहाणी आमच्या पिढीने तरुणपणी वर्तमानपत्रांतून वाचली. त्या वेळी ती आम्हांला केवळ जय-पराजयाची वाटली होती. तिचा उत्तरार्ध पुढे पंचवीस वर्षांनी घडला. तो ठाऊक झाल्यावर पूर्वार्धाचाही अर्थ बदलतो, असे मला वाटते. म्हणून ती समग्र सांगण्याचा हा प्रयत्न.

सोनेरी रॅकेट

बोर्गचा जन्म ६ जून १९५६ रोजी स्टॉकहोम येथे झाला आणि तो जवळच्या सॉडरटेल्ये या गावी वाढला. तो आईवडिलांचा एकुलता एक मुलगा. वडील रुने बोर्ग हे टेबल टेनिस चांगले खेळत. अशाच एका स्पर्धेत त्यांना बक्षीस म्हणून सोनेरी रंगाची टेनिस रॅकेट मिळाली आणि ती त्यांनी मुलाच्या हाती दिली. एका मोठ्या कारकिर्दीचे हे भांडवल.

लहानपणीचा बोर्ग शांत नव्हता, हे आज अनेकांना खरे वाटत नाही. तो चिडत असे, अपशब्द बोलत असे, रॅकेट फेकत असे. बारा वर्षांचा असताना या वर्तनापायी क्लबने त्याला काही महिने खेळण्यास मनाई केली. घरीही रॅकेट कपाटात बंद झाली. शिक्षा संपवून तो परतला, तेव्हा आतला राग आतच ठेवण्याचा त्याने निश्चय केलेला होता. पुढे जगाने ज्याला बर्फासारखा थंड म्हटले, तो मुळात थंड नव्हता. त्याने स्वतःला तसे घडविले होते. ही गोष्ट ध्यानी ठेवावी, कारण पुढे मॅकेन्रोला समजून घेताना तिचा उपयोग होतो.

लेनार्ट बर्गेलिन हे स्वीडनचे जुने नामांकित खेळाडू. त्यांनी या मुलातले गुण हेरले. १९७२ साली, अवघ्या पंधराव्या वर्षी, बोर्ग डेव्हिस चषकात स्वीडनकडून उतरला आणि न्यूझीलंडच्या अनुभवी ओनी पॅरुनला त्याने पाच सेटमध्ये नमविले. त्याच वर्षी त्याने विम्बल्डनचे कुमार गटाचे विजेतेपद मिळविले. बर्गेलिन पुढे सावलीसारखे त्याच्यासोबत राहिले. कोठे उतरायचे, काय खायचे, किती सराव करायचा, हे सारे ते पाहत. बोर्गच्या लाकडी रॅकेटच्या तारा इतरांपेक्षा कितीतरी अधिक ताणलेल्या असत. त्या तारांची देखरेखही त्यांच्याकडेच होती. खेळाडूने केवळ खेळावे आणि बाकीचा सारा व्यवहार दुसऱ्याने सांभाळावा, अशी ही रचना होती. तिचा लाभ मोठा होता. तिची उणीव मात्र पुष्कळ उशिरा दिसून आली.

माती आणि हिरवळ

१९७४ मध्ये, नुकतीच अठरा वर्षे पूर्ण झालेली असताना, बोर्ग पॅरिसच्या फ्रेंच स्पर्धेत अंतिम फेरीत पोहोचला. समोर स्पेनचा मॅन्युएल ओरांतेस होता. पहिले दोन सेट ओरांतेसने जिंकले. पुढचे तीन बोर्गने ६-०, ६-१, ६-१ असे घेतले. प्रतिस्पर्धी थकला होता; हा मुलगा थकतच नव्हता.

त्याच्या खेळाची रीत तेव्हाच्या जाणकारांना पटणारी नव्हती. दोन्ही हातांनी बॅकहँड, चेंडूला खालून वर घासून दिलेली जबर फिरकी, म्हणजे टॉपस्पिन, आणि मागच्या रेषेवर उभे राहून चेंडू परतवीत राहणे. फिरकीमुळे चेंडू जाळीवरून उंच जातो, तरीही मैदानाच्या आत पडतो आणि उसळतो. त्यामुळे चूक होण्याचा धोका कमी असतो. समोरच्याला मात्र धोका पत्करल्यावाचून गत्यंतर नसते. कमी नफा, पण बुडीत जवळजवळ नाही, अशा व्यवहारासारखा हा खेळ होता. पॅरिसच्या लाल मातीवर, जेथे चेंडू संथ होतो आणि उंच उसळतो, तेथे त्याला तोड नव्हती. त्या स्पर्धेत तो एकंदर ४९ सामने जिंकला आणि अवघे दोन हरला. ते दोन्ही, १९७३ आणि १९७६ मध्ये, इटलीच्या आद्रियानो पानात्ताकडून. फ्रेंच विजेतेपद त्याने सहा वेळा मिळविले.

विम्बल्डनची हिरवळ मात्र याच्या अगदी उलट. तेथे चेंडू खाली राहतो, वेगाने निसटतो. त्या काळी जोरदार सर्व्हिस करून तत्काळ जाळीपाशी धावणाऱ्यांचेच ते राज्य होते. मागच्या रेषेवरून खेळणारा माणूस तेथे टिकणार नाही, असे मत सार्वत्रिक होते. १९७६ च्या स्पर्धेपूर्वी बोर्ग आणि बर्गेलिन यांनी सर्व्हिसवर कसून मेहनत घेतली. त्या वर्षी एकही सेट न गमावता तो विजेता झाला. अंतिम सामन्यात रुमानियाचा इली नास्तासे पराभूत झाला. त्यानंतर १९८० पर्यंत सलग पाच वर्षे विम्बल्डनचा करंडक त्याच्याच हाती राहिला. स्पर्धा संपेपर्यंत दाढी न करण्याची त्याची प्रथा होती. ती वाढलेली दाढी आणि कपाळावरची पट्टी ही जणू त्याची ओळखचिन्हे झाली.

१९७८, १९७९ आणि १९८० या तीनही वर्षी त्याने पॅरिस आणि विम्बल्डन या दोन्ही स्पर्धा जिंकल्या. त्या काळी दोहोंत जेमतेम दोन आठवड्यांचे अंतर असे. एवढ्या अवधीत पावलांची ठेवण, चेंडूवर रॅकेट आणण्याची वेळ, सर्व्हिसनंतर थांबायचे की धावायचे, हे सारे बदलावे लागते. जाणकार आजही या कामगिरीला त्याच्या अकरा प्रमुख विजेतेपदांपेक्षा अधिक मोल देतात.

या काळाशी आपलेही एक नाते आहे. सत्तरीच्या दशकात टेनिसची नवी बाराखडी म्हणून ए, बी, सी ही आद्याक्षरे सांगितली जात : अमृतराज, बोर्ग आणि कॉनर्स. यांतील अमृतराज म्हणजे आपले विजय अमृतराज. १९७४ च्या अमेरिकन स्पर्धेत त्यांनी बोर्गला पाच सेटमध्ये हरविले होते. १९७९ च्या विम्बल्डनमध्ये दुसऱ्याच फेरीत त्यांनी बोर्गविरुद्ध दोन सेटना एक अशी आघाडी घेतली. चौथा सेट टायब्रेकरवर गेला आणि तेथे बोर्ग निसटला. तो सामना फिरला असता, तर सलग पाच विजेतेपदांची माळ तिसऱ्यावरच तुटली असती.

कॉनर्सचा पाठलाग

बोर्गचा पहिला मोठा प्रतिस्पर्धी जिमी कॉनर्स. वयाने सुमारे चार वर्षांनी मोठा, स्वभावाने भांडखोर, प्रेक्षकांना चिथावणारा. त्याचे फटके सपाट आणि जलद असत, आणि बोर्गच्या उसळणाऱ्या चेंडूवर तो चढावाच करी. १९७६ च्या अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम फेरीत त्याने बोर्गला हरविले. १९७७ ची विम्बल्डनची अंतिम लढत पाचव्या सेटपर्यंत गेली आणि बोर्गने ती ६-४ ने सोडविली. १९७८ मध्ये त्याच मैदानावर कॉनर्सला तीन सेटमध्ये मिळून सातच गेम मिळाले. त्या मानहानीनंतर, पृथ्वीच्या टोकापर्यंत बोर्गचा पाठलाग करीन, अशी गर्जना त्याने केली. दोन महिन्यांनी न्यूयॉर्कच्या फ्लशिंग मेडोज येथे त्याने बोर्गला सरळ तीन सेटमध्ये हरवून ती खरीही केली.

एकंदर तेवीस सामन्यांत बोर्गचे पंधरा आणि कॉनर्सचे आठ विजय झाले. अर्जेंटिनाचा ग्विलेर्मो व्हिलास मातीवर बोर्गसारखाच खेळत असे. म्हणूनच त्याच्याकडून तो फारसा हरला नाही. आपल्यासारखाच माल, पण थोडा कमी प्रतीचा ठेवणारा दुकानदार आपले गिऱ्हाईक नेऊ शकत नाही, तसे ते होते. विटास गेरुलायटिस हा तर बोर्गचा मित्र आणि सरावातला जोडीदार. त्या दोघांची १९७७ ची विम्बल्डनची उपान्त्य लढत जुने रसिक अजून आठवतात. पाचवा सेट ८-६ असा बोर्गने जिंकला. इतका तोलामोलाचा खेळ करूनही गेरुलायटिसला अधिकृत स्पर्धांत बोर्गवर कधीही विजय मिळाला नाही.

या सर्वांत बोर्गचा खेळ मुळापासून हलवील असा कोणी नव्हता. तो १९७८ मध्ये आला.

न्यू ऑर्लिन्सचा प्रसंग

जॉन मॅकेन्रो बोर्गपेक्षा पावणेतीन वर्षांनी लहान. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात वाढलेला, वकिलाचा मुलगा, डावखुरा. १९७७ मध्ये पात्रता फेरीतून येऊन त्याने विम्बल्डनची उपान्त्य फेरी गाठली, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. त्याची सर्व्हिस डावीकडून वळण घेत मैदानाबाहेर जाई आणि बोर्गला बॅकहँडसाठी दूर खेचून नेई. तोवर मॅकेन्रो जाळीपाशी पोहोचलेला असे. बोर्ग ज्या लांब लढतींतून समोरच्याला थकवी, त्या लढती मॅकेन्रो सुरूच होऊ देत नसे. १९७८ मध्ये स्टॉकहोम येथे, बोर्गच्याच मायदेशी, दोघांची पहिली गाठ पडली आणि मॅकेन्रो दोन सरळ सेटमध्ये जिंकला. स्वतःहून लहान वयाच्या खेळाडूकडून बोर्ग प्रथमच हरला होता.

मॅकेन्रोचा संताप तेव्हाही जगजाहीर होता. पंचांशी हुज्जत, रॅकेट आपटणे, स्वतःलाच शिव्या देणे. १९७९ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथील सामन्यात तिसऱ्या सेटमध्ये गुण ५-५ असताना त्याचा असाच तोल सुटला. बोर्गने खेळ थांबवून त्याला जाळीपाशी बोलाविले. जगातला अग्रगण्य खेळाडू आता आपली कानउघाडणी करणार, असे त्या वीस वर्षांच्या मुलाला वाटले. बोर्गने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितले, की शांत हो, सामना छान चालला आहे. एवढेच. ही हकीकत मॅकेन्रोने स्वतः अनेकदा सांगितली आहे. त्यानंतर बोर्गविरुद्धच्या सामन्यांत त्याने कधी बेताल वर्तन केले नाही.

तो सामना मॅकेन्रोने जिंकला. परंतु बारा वर्षांचा असताना रॅकेट फेकल्याबद्दल शिक्षा भोगलेला बोर्ग त्या मुलात काय पाहत होता, याची कल्पना आपण करू शकतो. मॅकेन्रोच्या दृष्टीने त्या हाताचे मोल वेगळेच होते. पंच, प्रेक्षक आणि वार्ताहर त्याला उपद्रवी समजत होते. आपला खेळ प्रतिष्ठेचा आहे, आपण या मैदानात शोभतो, ही पावती त्याला प्रतिस्पर्ध्याने दिली.

५ जुलै १९८०

विम्बल्डनच्या अंतिम सामन्यासाठी मॅकेन्रो मैदानात आला, तेव्हा प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडविली. उपान्त्य सामन्यातील त्याचे वर्तन त्यांना आवडले नव्हते. त्याने पहिला सेट ६-१ असा घेतला. दुसरा आणि तिसरा बोर्गने जिंकला. चौथ्या सेटमध्ये बोर्ग ५-४ असा पुढे असून सर्व्हिस त्याचीच होती. दोन मॅच पॉइंट हाती होते. मॅकेन्रोने ते दोन्ही वाचविले आणि सेट टायब्रेकरवर नेला.

टायब्रेकर सहसा बारा-पंधरा गुणांत आटोपतो. हा चौतीस गुणांचा झाला आणि सुमारे वीस मिनिटे चालला. त्यात बोर्गला आणखी पाच मॅच पॉइंट मिळाले आणि पाचही हुकले. अखेर १८-१६ असा तो मॅकेन्रोने जिंकला. सात वेळा विजय हातातोंडाशी येऊन निसटल्यावर पाचव्या सेटसाठी उभे राहणे म्हणजे काय, याचा विचार करावा. या सेटमध्ये आपण आता हरणार, असे बोर्गच्याही मनात येऊन गेले, असे त्याने पुढे सांगितले आहे. पण त्या सेटमध्ये स्वतःच्या सर्व्हिसवर त्याने समोरच्याला जवळजवळ काहीच मिळू दिले नाही. आठवा मॅच पॉइंट त्याने बॅकहँडच्या फटक्याने साधला. गुणफलक १-६, ७-५, ६-३, ६-७, ८-६. सामना ३ तास ५३ मिनिटे चालला होता. बोर्ग गुडघ्यांवर बसला. ज्यांनी मॅकेन्रोची हुर्यो उडविली होती, तेच प्रेक्षक आता उभे राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवीत होते.

मॅकेन्रोच्या वाट्याला पराभव आला होता. तरीही त्या दिवसापासून त्याची पत वाढली. बोर्गची चारही आधीची विजेतेपदे खरीच होती, पण त्याच्या नावासोबत लोकांच्या मनात राहिला तो हाच सामना. दोघांपैकी कोणा एकाला वगळून तो सांगता येत नाही.

पारडे फिरले

दोनच महिन्यांनी अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम फेरीत मॅकेन्रोने पाच सेटमध्ये बोर्गला हरविले. १९८१ च्या जूनमध्ये बोर्गने पॅरिसला इव्हान लेंडलला नमवून सहावे फ्रेंच विजेतेपद घेतले. ते त्याचे अखेरचे मोठे यश ठरले. ४ जुलै १९८१ रोजी विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात मॅकेन्रोने चार सेटमध्ये त्याला पराभूत केले आणि त्या हिरवळीवरची बोर्गची सलग ४१ विजयांची मालिका संपली.

या पराभवाविषयी बोर्गने पुढे जे सांगितले, ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. हरण्याचे दुःख झाले नाही, याचेच त्याला नवल वाटले. ज्या माणसाने बाराव्या वर्षापासून आतला सारा राग खेळात ओतला होता, त्याला पराभव आता टोचत नव्हता. बँकेत आम्ही आजारी कर्जखात्याची काही लक्षणे शिकलो होतो. मालकाची बेफिकिरी हे त्यांतले मोठे लक्षण. तोट्याने मालक अस्वस्थ होतो, तोवर धंद्याला आशा असते.

सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला पुन्हा तीच जोडी अंतिम फेरीत होती. स्पर्धेच्या अखेरच्या टप्प्यात बोर्गला ठार मारण्याची धमकीही आलेली होती. मॅकेन्रो चार सेटमध्ये जिंकला. बोर्गने हस्तांदोलन केले, तो मैदानाबाहेर पडला आणि बक्षीस समारंभासाठी न थांबता मोटारीत बसून निघून गेला. अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम फेरीत तो चार वेळा पोहोचला आणि चारही वेळा हरला. त्यानंतर प्रमुख चार स्पर्धांपैकी एकीतही तो पुन्हा कधी उतरला नाही. त्या स्पर्धांतील त्याची जमाखर्चाची बाकी अशी : १४१ विजय, १७ पराभव.

१९८२ मध्ये त्याला कमी स्पर्धा खेळून विश्रांती घ्यायची होती. वर्षाला किमान दहा स्पर्धा खेळा, अन्यथा पात्रता फेरीतून या, असा नियम संघटकांनी पुढे केला. पाच वेळच्या विम्बल्डन विजेत्यालाही सवलत मिळाली नाही. जानेवारी १९८३ मध्ये बोर्गने निवृत्ती जाहीर केली. त्याचे वय होते सव्वीस.

मॅकेन्रोने त्याला परत येण्याविषयी अनेकदा विनविले. अग्रस्थान आता निर्वेध त्याचेच होते. १९८४ च्या मोसमात त्याने ८२ सामने जिंकून अवघे तीन गमावले. परंतु बोर्ग गेल्यावर आपल्या खेळातला काही भाग रिकामा झाला, हे त्याने पुढे मोकळेपणाने सांगितले. १९८४ नंतर त्यालाही एकेरीचे मोठे विजेतेपद मिळाले नाही. दोघांच्या आपसातल्या चौदा सामन्यांचा हिशेब सात-सात असा बरोबरीत थांबला आहे. गंमत अशी, की हे चौदाही सामने बोर्गच्या हक्काच्या लाल मातीवर एकदाही झाले नाहीत.

नाव आणि व्यापार

खेळातून बोर्गने सुमारे ३६ लाख डॉलरची बक्षिसे मिळविली. रॅकेट आणि कपड्यांच्या जाहिरातींचे उत्पन्न याहून पुष्कळ अधिक होते. निवृत्तीनंतर त्याने स्वतःच्या नावाने कपडे आणि इतर वस्तूंचा व्यवसाय उभारला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तो कोसळला. भागीदारांशी वाद, न्यायालयातले खटले आणि देणेकरी असा फेरा सुरू झाला. वैयक्तिक दिवाळखोरीतून तो थोडक्यात वाचला. याच काळात दोन विवाह मोडले. अमली पदार्थांच्या विळख्यात आपण सापडलो होतो, हे त्याने २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात स्वतःच लिहिले आहे. कर्करोगाशी दिलेल्या झुंजीविषयीही त्याने त्यात सांगितले आहे.

१९९१ मध्ये त्याने माँटे कार्लो येथे पुनरागमन केले. जग तोवर हलक्या, रुंद, ग्रॅफाइटच्या रॅकेटवर गेले होते. बोर्ग जुनीच लाकडी रॅकेट घेऊन उतरला आणि स्पेनच्या जॉर्डी आरेसेकडून दोन सेटमध्ये हरला. १९९३ पर्यंत तो अधूनमधून खेळत राहिला. पण अधिकृत स्पर्धांत एकही सामना जिंकू शकला नाही.

हे वाचताना आपल्या वाचकांच्या मनात येणारे प्रश्न मी जाणतो. इतके कमावून असे का व्हावे? माझ्या मते कारण त्या आरंभीच्या रचनेत आहे. पंधराव्या वर्षापासून व्यवहाराची प्रत्येक बाब दुसरा कोणी पाहत होता. मैदानावर जोखीम कशी टाळावी, हे त्याच्याइतके कोणाला कळत नव्हते. मैदानाबाहेरची जोखीम ओळखण्याचा प्रसंग त्याच्यावर कधी आला नव्हता. नाव मोठे होते आणि त्या नावावर माल खपेल, या भरवशावर धंदा उभा राहिला. नावाची पत असते, पण नाव खातेवही लिहीत नाही. आज त्याच्या नावाची कंपनी स्टॉकहोमच्या शेअर बाजारात नोंदलेली आहे आणि तिची अंतर्वस्त्रे अनेक देशांत विकली जातात. मात्र त्या नावाचा हक्क बोर्गने विकलेला आहे.

करंडक आणि एक दूरध्वनी

मार्च २००६ मध्ये लंडनच्या बोनहॅम्स या लिलाव संस्थेने जाहीर केले, की बोर्गचे पाचही विम्बल्डन करंडक आणि अंतिम सामने जिंकून देणाऱ्या दोन रॅकेट जूनमध्ये विक्रीस निघतील. आपल्या जवळच्या माणसांची आर्थिक सुरक्षितता पाहावयाची आहे, असे कारण बोर्गने दिले होते. घरातले दागिने मोडण्याची वेळ आलेल्या माणसाकडे लोक ज्या नजरेने पाहतात, त्याच नजरेने जगाने या बातमीकडे पाहिले. करंडकांची वाटणी होऊ नये म्हणून ते एकत्रित विकत घ्यावेत, असा विचार काही खेळाडूंच्या मनात आला.

त्यानंतर न्यूयॉर्कहून बोर्गला दूरध्वनी आला. पलीकडे मॅकेन्रो होता. हे काय वेड घेतले आहेस, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. जिमी कॉनर्सशीही बोर्गचे बोलणे झाले. ज्याने पृथ्वीच्या टोकापर्यंत पाठलाग करण्याची भाषा केली होती आणि ज्याने न्यूयॉर्कचे मैदान सोडून जाण्याची वेळ आणली होती, तेच दोघे ते करंडक विकू नकोस म्हणून सांगत होते. बोर्गने लिलाव रद्द केला. संस्थेला रक्कम देऊन त्याने करंडक परत मिळविले; ती रक्कम जाहीर झाली नाही.

मॅकेन्रोने असे का करावे? एक कारण मैत्रीचे. दुसरे माझ्यासारख्या जमाखर्च पाहणाऱ्याला सुचते. त्या पाच करंडकांतल्या १९८० च्या करंडकात मॅकेन्रोचाही वाटा होता. तो कोणा अनोळखी श्रीमंताच्या कपाटात गेला असता, तर त्या ३ तास ५३ मिनिटांचा अर्धा साक्षीदार नाहीसा झाला असता. प्रतिस्पर्ध्याच्या विजयाची किंमत सर्वांत अचूक ज्याला ठाऊक असते, तो त्याच्याकडून हरलेला माणूस.

पुढची पिढी

२०१७ पासून युरोप आणि उर्वरित जग यांच्यात लेव्हर चषक ही सांघिक स्पर्धा सुरू झाली. युरोपचा कर्णधार बोर्ग आणि उर्वरित जगाचा कर्णधार मॅकेन्रो. २०२४ पर्यंतच्या सात स्पर्धांत दोघे समोरासमोर बसले; पाच बोर्गच्या संघाने जिंकल्या, दोन मॅकेन्रोच्या. २०२२ मध्ये लंडनला रॉजर फेडररने याच स्पर्धेत निरोपाचा सामना खेळला, तेव्हा त्याच्या शेजारी राफेल नदाल रडत होता आणि बाकावर बोर्ग बसलेला होता. आपला निरोप १९८१ च्या न्यूयॉर्कमधून मोटारीत बसून एकट्याने घेणाऱ्या माणसाला ते दृश्य पाहताना काय वाटले असेल?

त्याच २०१७ मध्ये बोर्ग आणि मॅकेन्रो यांच्यावर एक चित्रपट आला. त्यात बालपणीच्या बोर्गची भूमिका त्याचा मुलगा लिओ याने केली. लिओ स्वतः टेनिस खेळतो. २०२३ मध्ये तो बंगळुरूच्या स्पर्धेत खेळला, तेव्हा वडीलही तेथे आले होते. एवढ्या मोठ्या नावाचे ओझे घेऊन मैदानात उतरणे सोपे नाही. वडिलांच्या गादीवर बसणाऱ्या आपल्या घरांतील मुलांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

आपल्या मुलांना आपण धंद्यातले पुष्कळ काही शिकवितो. गिऱ्हाईक कसे जोडावे, उधारी कशी वसूल करावी, हिशेब रोजच्या रोज कसा लिहावा. समोरच्या दुकानदाराशी कसे वागावे, हे मात्र ती आपल्याकडे पाहून शिकतात. न्यू ऑर्लिन्सला खांद्यावर ठेवलेला हात बोर्गला त्या दिवशी काही मिळवून देऊ शकला नाही. सामना तर तो हरलाच. सत्तावीस वर्षांनी त्याच माणसाने दूरध्वनी करून त्याचे करंडक वाचविले. आज ते बोर्गकडेच आहेत.